कर्जाचा जाच आणि आमदार-खासदारांना आपले पत्र

मोर्चा कसा काढावा हे आपल्या समाजाला कुणी शिकवण्याची गरज नाही. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरले की निळे झेंडे रस्त्यावर दिसतातच. धरणे, घेराव, सभा यांचाही आपल्याला सराव आहे. परंतु एक साधे, स्वस्त आणि टिकाऊ हत्यार आपण फारसे हाती घेत नाही. ते म्हणजे आपल्या आमदाराला आणि खासदाराला नावानिशी, तारीख टाकून, सह्या करून आणि पोच घेऊन दिलेले पत्र. मोर्चा संध्याकाळी पांगतो. आवक क्रमांक पडलेले पत्र मात्र फायलीत राहते, आणि फाईल उत्तर मागते. आम्ही कारकुनीत वीस वर्षे काढली, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

आज हे लिहिण्याचे कारण कर्ज आहे. शेतकऱ्याच्या कर्जाविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु शहरातल्या वस्तीत घरोघर जे कर्ज शिरले आहे, त्याविषयी कुणी सभागृहात फारसे बोलत नाही. कारण त्याविषयी आपण त्यांना कधी लिहीतच नाही.

आपल्या वस्तीतले कर्ज

उत्तर नागपुरातल्या कोणत्याही वस्तीत दुपारी अकराच्या सुमारास जा. कुणाच्या तरी अंगणात दहा-पंधरा बाया बसलेल्या दिसतील. मध्ये पिशवी घेतलेला एक तरुण मुलगा असेल. ही गट कर्जाची मीटिंग. एकीने हप्ता भरला नाही तर बाकीच्यांनी वर्गणी काढून भरायचा, नाहीतर कुणी उठायचे नाही. याशिवाय फ्रिज-मोबाईलचा हप्ता वेगळा, सोने गहाण ठेवून घेतलेले वेगळे, आणि हे सगळे फेडण्यासाठी गल्लीतल्या बिनपरवाना सावकाराकडून शेकडा दहा रुपये महिन्याने उचललेले आणखी वेगळे. आता तर मोबाईलच्या ॲपवरही कर्ज मिळते.

आमच्या ओळखीच्या एका ताईची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण प्रत्येक गल्लीत अशी एक ताई आहे. नवरा पेंटिंगच्या कामावर. मुलगी नर्सिंगला. पहिले कर्ज मुलीच्या फीसाठी घेतले, ते नीट फिटत होते. मग नवरा शिडीवरून पडला आणि चार महिने घरी बसला. पहिल्या कर्जाचा हप्ता भरायला दुसरे कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरे. शेवटी एका सावकाराकडे बँकेचे एटीएम कार्ड आणि दोन कोरे चेक ठेवून दहा हजार आणले. वसुलीवाला रात्री आठ वाजता येऊन दारात खुर्ची टाकून बसू लागला. ताई आम्हाला म्हणाल्या, "देनार नाही असं मी म्हनतच नाही जी. पण पोरीच्या देखत असं बोलाले नको." पुढे पुढे त्यांनी रविवारी विहारात येणेही सोडले. तिथे गटातल्या बाया भेटतात, त्यांना तोंड कसे दाखवावे म्हणून.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात कर्ज नसण्याचे सुख, म्हणजे अनणसुख, हे एक आहे. घरसंसार करणाऱ्या माणसाचे सुख सांगताना तथागतांनी कर्जाचा विचार केला, ही गोष्ट आपल्या भगिनींना पहिल्यांदा ऐकताना नवल वाटते. परंतु ज्या घराच्या दारात वसुलीवाला बसलेला असतो, त्या घराला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

हा रोग जुना, आणि त्यावरचा उपायही जुना

कामगार आणि कर्ज यांची सोबत नवी नाही. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे आपल्या आज्या-पणज्या आणि आजोबा गिरण्यांत राबले, आणि पगाराच्या दिवशी गेटावर सावकार उभा राहिला. इंग्रज सरकारने १९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक शाही आयोगाने, म्हणजे व्हिटले कमिशनने, १९३१ च्या अहवालात नोंदवले की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे.

त्या काळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. या प्रांताच्या कायदेमंडळाने पुढील काही वर्षांत कर्जाविषयी एकामागून एक कायदे केले. १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा, १९३४ मध्ये सावकारांवरील नियंत्रणाचा, १९३६ मध्ये खास औद्योगिक कामगारांच्या कर्जाचा निपटारा करण्याचा, आणि १९३७ मध्ये कर्जदाराला दमदाटीपासून संरक्षण देण्याचा. म्हणजे वसुलीवाल्याने दारात बसून छळू नये, हा विचार याच नागपुरात जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी कायद्यात आला होता.

तिकडे मुंबई प्रांतात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत ते विधानसभेवर निवडून गेले. खोती नष्ट करण्याचे त्यांचे १९३७ चे विधेयक आपल्याला माहीत आहे. परंतु १९३८ मध्ये सावकारीचे नियमन व नियंत्रण करण्यासाठीही त्यांनी एक विधेयक तयार केले होते, हे फार थोड्यांना माहीत असते. ते विधेयक कायदा होऊ शकले नाही. पण गरिबाच्या कर्जाचा प्रश्न हा दयेचा नसून कायद्याचा आहे, हे बाबासाहेबांनी त्यातून दाखवून दिले. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञाला व्याजाचे गणित वेगळे सांगण्याची गरज नव्हती. आपल्याला मात्र आहे.

व्याजाचे गणित

वहीपेन्सिल घेऊन बसा. मुलांना सोबत घ्या, त्यांचाही अभ्यास होईल.

पहिले उदाहरण. सावकाराकडून १०,००० रुपये शेकडा १० रुपये महिन्याने घेतले. दर महिन्याला १,००० रुपये व्याज. दहा महिन्यांत १०,००० रुपये व्याज दिले, आणि मुद्दल जसेच्या तसे उभे. वर्षाचा दर झाला १२० टक्के.

दुसरे उदाहरण. एका दुकानात सांगितले, "फक्त १२ टक्के, ताई." कर्ज ४०,००० रुपये, मुदत दोन वर्षे. त्यांनी ४०,००० वर दोन वर्षांचे व्याज लावले ९,६००. एकूण ४९,६००, म्हणजे महिन्याला सुमारे २,०६७ रुपये. वरवर ठीक दिसते. परंतु आपण दर महिन्याला मुद्दलही फेडत असतो. वर्ष संपेपर्यंत जवळजवळ निम्मे मुद्दल परत गेलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण ४०,००० वरच चालू. उरलेल्या मुद्दलावर हिशोब केला तर खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. त्यात प्रोसेसिंग फी आणि विम्याचे पैसे आधीच कापून घेतले तर दर आणखी चढतो. म्हणून "किती टक्के?" एवढेच विचारू नका. "उरलेल्या मुद्दलावर वर्षाचा दर किती, आणि सर्व फी धरून किती?" असे विचारा, आणि ते कागदावर मागा.

कायदा आपल्या बाजूने काय म्हणतो

महाराष्ट्रात १९४६ चा मुंबई सावकारी अधिनियम जाऊन २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. त्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हाच आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी असलेला दामदुपटीचा नियम. शासनाने सप्टेंबर २०१४ मध्ये शेतकऱ्यांव्यतिरिक्त इतरांसाठी तारण कर्जाला वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जाला १८ टक्के असे दर ठरवून दिले. कोरी प्रॉमिसरी नोट लिहून घेणे हाही गुन्हा आहे. कर्जापोटी बळकावलेली जमीन किंवा घर परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे आपल्या सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करता येतो.

गट कर्ज देणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू असतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जाविषयी निर्देश दिले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे विनातारण कर्ज ते सूक्ष्म कर्ज. सर्व कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत. घरात महिन्याला १६,००० रुपये येत असतील, तर सगळे हप्ते मिळून ८,००० च्या आत. कर्जाची माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत लेखी द्यावी. मुदतीआधी फेडल्यास दंड घेऊ नये. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीचे फोन करू नयेत. शिवीगाळ, धमकी, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास, नावे जाहीर करणे, हे सर्व मना. ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोन वेळा आली नाही, तरच वसुलीवाल्याने घरी किंवा कामाच्या ठिकाणी जायचे.

मग प्रश्न असा पडतो, की इतके नियम आहेत तर रात्री आठ वाजता दारात खुर्ची कशी? उत्तर सोपे आहे. नियम कागदावर आहे, आणि तो मोडल्याचे लेखी सांगणारा कुणी नाही. शिवाय काही नियम अपुरेही आहेत. सूक्ष्म कर्जाच्या व्याजावर २०११ पासून जी मर्यादा होती, ती २०२२ मध्ये काढली गेली. व्याज अवाजवी नसावे एवढेच म्हटले आहे, पण अवाजवी म्हणजे किती हा आकडा नाही. अपुरा नियम पुरा करण्याचे काम लोकप्रतिनिधींचे. त्यांना ते सांगण्याचे काम आपले.

कोणते पत्र कोणाला

येथे पुष्कळांची गल्लत होते. आमदाराला खासदाराचे काम सांगितले, की ते पत्र टोपलीत जाते. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी केलेली आहे. सावकारी आणि सावकार हा विषय राज्य सूचीत, तिसाव्या क्रमांकावर आहे. बँकिंग हा विषय संघ सूचीत, पंचेचाळिसाव्या क्रमांकावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये असाही निकाल दिला, की रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्त कंपन्यांना राज्याचे सावकारी कायदे लागू होत नाहीत.

म्हणून बिनपरवाना सावकार, कोरे चेक, बळकावलेले घर आणि सहकार खात्याची ढिलाई यांविषयी आमदाराला लिहा. गट कर्ज, वित्त कंपनी, ॲपवरचे कर्ज आणि व्याजावरची मर्यादा यांविषयी खासदाराला लिहा. धमकी, मारहाण, विनयभंग झाला असेल, तर आधी पोलीस ठाणे. तिथे पत्राची वाट पाहू नका.

आमदाराकडे काय मागता येते? तो विधानसभेत तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना देऊ शकतो, अशासकीय विधेयक आणू शकतो. खासदाराच्या तारांकित प्रश्नाला मंत्र्याला लोकसभेत तोंडी उत्तर द्यावे लागते, अतारांकिताला लेखी. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर लिहिण्यापेक्षा महिना-दीड महिना आधी लिहावे. नागपूरच्या अधिवेशनासाठी म्हणजे दिवाळीच्या सुमारास. "लक्ष घालावे" असे मोघम न लिहिता "हा प्रश्न सभागृहात विचारावा" असे लिहिले, की त्यांच्या कार्यालयातील माणसालाही काय करायचे ते कळते.

शेजारच्या राज्याचा दाखलाही द्या. कर्नाटकने फेब्रुवारी २०२५ मध्ये सूक्ष्म व लहान कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तमिळनाडूनेही २०२५ मध्ये अशा वसुलीविरुद्ध कायदा केला. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बिनपरवाना कर्जव्यवहारावर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा जाहीर करून लोकांच्या सूचना मागवल्या होत्या. अशा वेळी किती विहारांतून, किती महिला मंडळांतून सूचना गेल्या असतील? कंपन्यांचे लोक सूचना पाठवतात, कारण त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसे असतात. आपल्याकडे दहावी-बारावी शिकलेल्या मुली आहेत, आणि त्यांचे अक्षर चांगले आहे.

पत्र कसे लिहावे

पत्र एका पानाचे असावे. एका पत्रात एकच विषय. वर तारीख, खाली पत्ता आणि सह्या. आमदाराचे पत्र त्यांच्या जनसंपर्क कार्यालयात किंवा विधान भवन, मुंबई ४०० ०३२ या पत्त्यावर. खासदाराचे त्यांच्या नागपूर कार्यालयात किंवा संसद भवन, नवी दिल्ली ११० ००१ येथे. नमुना देतो. त्यात आपल्या गोष्टी भरा.

प्रति, मा. विधानसभा सदस्य, ... मतदारसंघ, नागपूर.

विषय : विनापरवाना सावकारी व कर्जदार महिलांच्या छळाबाबत सभागृहात प्रश्न विचारण्याविषयी.

महोदय, आम्ही खाली सह्या करणारे आपल्या मतदारसंघातील ... वस्तीचे मतदार आहोत. आमच्या वस्तीत परवाना नसलेले सावकार महिन्याला शेकडा १० रुपये दराने कर्ज देत आहेत. तारण म्हणून एटीएम कार्डे व कोरे चेक ठेवून घेतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. आम्हांस कर्जमाफी नको आहे. कायद्याची अंमलबजावणी हवी आहे. तरी आपण येत्या अधिवेशनात पुढील प्रश्न विचारावेत. (१) नागपूर शहरात परवानाधारक सावकार किती, व त्यांची यादी मनपाच्या प्रत्येक झोन कार्यालयात लावणार काय? (२) गेल्या तीन वर्षांत विनापरवाना सावकारीच्या किती तक्रारी आल्या व किती गुन्हे दाखल झाले? (३) जुलमी वसुलीविरुद्ध कर्नाटकाप्रमाणे कायदा करण्याचा शासनाचा विचार आहे काय? आपण केलेल्या कार्यवाहीची माहिती आम्हांस लेखी द्यावी, ही विनंती.

प्रत माहितीस्तव : जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, नागपूर.

एवढे पुरे. शिव्या नकोत, आणि दंडवतही नको. "आपण गरिबांचे कैवारी आहात" असली वाक्ये लिहून जागा घालवू नका. आपण मतदार आहोत आणि ते आपले प्रतिनिधी आहेत, एवढे नाते पुरेसे आहे. ऐकीव गोष्ट लिहू नका. तारीख, रक्कम, दर, वेळ, जे आपल्याजवळ कागदावर आहे तेच लिहा. जिच्यावर बेतले आहे त्या भगिनीचे नाव तिच्या परवानगीशिवाय घालू नका. जी सही करत नसेल तिचा अंगठा घ्या, पण अंगठा घेण्याआधी पत्र तिला पूर्ण वाचून दाखवा. न वाचता अंगठे घेण्याचे काम सावकाराचे आहे, आपले नव्हे.

पत्र दिल्यानंतर

पत्राच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. "साहेब नाहीत, नंतर या" म्हटले तरी पत्र तिथल्या माणसाला घ्यायला सांगा. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. रजिस्टर पोस्टाची जुनी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळवली आहे, म्हणून खिडकीवर रजिस्टर मागून परत फिरू नका.

महिन्याने स्मरणपत्र द्या. त्यात पहिल्या पत्राचा आवक क्रमांक व तारीख टाका. कारकुनाला सगळ्यांत जास्त धाक कशाचा असेल तर तो स्मरणपत्राचा. तरीही उत्तर नाही, तर ज्या सरकारी कार्यालयाला प्रत दिली, तिथे माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही नाही. "आमच्या अमुक तारखेच्या पत्रावर कोणती कार्यवाही झाली, त्याच्या टिपणीची प्रत द्यावी" एवढेच विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

वित्त कंपनीची तक्रार असेल तर आधी कंपनीला लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. २०२१ मध्ये यासाठी संपूर्ण देशाची एकच योजना केली गेली. तक्रारीला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. या तक्रारीची एक प्रत खासदाराला दिली, की दोन्हीकडे नोंद होते. नागपुरात रिझर्व्ह बँकेचे कार्यालय कुठे आहे, हे आपल्या लोकांना सांगायला नको. ज्या चौकाला पूर्वी रिझर्व्ह बँक चौक म्हणत आणि आज संविधान चौक म्हणतात, तिथे आपण बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला जातोच.

पत्राने काय होते, काय होत नाही

खरे तेच सांगतो. पत्राने कर्ज माफ होत नाही. घेतलेले कर्ज फेडायचेच आहे. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि हातातली मजुरी थांबली, तेव्हा विदर्भात ठिकठिकाणी बाया गट कर्जाविरुद्ध रस्त्यावर आल्या. त्यांचे दुःख खरे होते. परंतु त्याच वेळी कर्जमाफीच्या अफवा पसरल्या, आणि त्यांवर विश्वासून ज्यांनी हप्ते सोडले त्यांची नोंद सिबिलसारख्या पतसंस्थांच्या दप्तरी खराब झाली. पुढे गरज पडली तेव्हा दार बंद. आंध्र प्रदेशात ऑक्टोबर २०१० मध्ये कडक वटहुकूम निघाला तेव्हाही वसुली जवळजवळ थांबली, आणि त्याबरोबर नवे कर्जही थांबले. म्हणून आपली मागणी माफीची नसून नियमाची असावी. वाजवी व्याज, समजेल असा कागद, माणुसकीची वसुली. शिवाय महिला आर्थिक विकास महामंडळ आणि नवबौद्धांसाठीही असलेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ यांच्याकडून वेळेवर कर्ज मिळावे, हीही मागणी लिहावी. चांगले दार उघडले की वाईट दारात कुणी उभे राहत नाही.

सगळेच लोकप्रतिनिधी आपल्या बाजूने असतील असेही नाही. बुलढाणा जिल्ह्यात एका आमदाराच्या सावकारी कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्याने केलेली तक्रार पोलिसांनी परस्पर नोंदवू नये, अशी सूचना मुख्यमंत्री कार्यालयातून गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये राज्य शासनाला दहा लाख रुपये भरायला लावले. परंतु हेही पाहा, की त्या शेतकऱ्याची तक्रार लेखी होती आणि पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत झालेली सूचनेची नोंदही लेखी होती. म्हणूनच न्यायालयाला काही पाहता आले. तोंडी गोष्टीला न्यायालयात वजन नसते.

आणि धीर धरावा लागतो. १९५६ मध्ये दीक्षा घेतल्यानंतर बौद्धांच्या केंद्रातील सवलती गेल्या. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागणीपत्र दिले, देशभर सत्याग्रह झाला, हजारो लोक तुरुंगात गेले. निवेदने त्यानंतरही थांबली नाहीत. शेवटी १९९० मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. ज्यांनी पहिल्या निवेदनावर सह्या केल्या त्यांतले कितीतरी लोक तो दिवस पाहायला उरले नव्हते. त्यांच्या नातवंडांनी मात्र त्या सह्यांवर शिक्षण घेतले.

वर सांगितलेल्या ताईंच्या वस्तीतूनही पत्र गेले. ३७ सह्या जमल्या. पहिल्या दिवशी फक्त सहाच होत्या, कारण सावकाराचा भाचा त्याच गल्लीत राहतो. दोन महिने काही झाले नाही. स्मरणपत्रानंतर आमदारांच्या कार्यालयातून सहकार खात्याला पत्र गेले आणि तिथून चौकशीची नोटीस निघाली. नोटीस निघाल्याच्या चौथ्या दिवशी सावकाराने ताईंचे एटीएम कार्ड आणि दोन्ही चेक गुपचूप परत आणून दिले. आणखी चार घरांतले कागदही परत आले. गट कर्जाच्या शाखेला दिलेल्या लेखी तक्रारीत वेळेचा नियम नमूद केला होता. संध्याकाळची खुर्ची बंद झाली. कर्ज मात्र आहे. ताई आजही हप्ता भरतात, दिवसा, मीटिंगच्या जागी आणि पावती घेऊन. मुलीचे शिक्षण चालू आहे.

आमची सूचना एवढीच. महिन्यातला एक रविवार वंदनेनंतर अर्धा तास प्रत्येक विहारात पत्रासाठी ठेवावा. महिला मंडळाने एक वही करावी. कोणते पत्र, कोणाला, कोणत्या तारखेला, आवक क्रमांक काय, उत्तर कधी, असे पाच रकाने पुरेत. शाळेतल्या मुलामुलींनी लिहावे, आयाबायांनी सांगावे, शिकलेल्या नोकरदारांनी तपासावे आणि कार्यालयात नेऊन द्यावे. खर्च कागदाचा आणि झेरॉक्सचा. येत्या अधिवेशनाआधी आपल्या मतदारसंघातून असे एक तरी पत्र जाऊ द्या. वहीचे पहिले पान आजच आखा.

जयभीम!